वस्ती रिकामी होते तेव्हा सही कोणाची असते?

अमेरिकी शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांवर गेल्या साठेक वर्षांत जे चित्रपट निघाले, त्यांतले महत्त्वाचे चित्रपट पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. या चित्रपटांना वस्तीतले भांडण दिसते, वस्तीतला खून दिसतो, अलीकडे वस्ती गमावल्याचे दुःखही दिसते. पण वस्ती ज्या कागदांच्या जोरावर वसते आणि उठते, ते कागद त्यांना फार क्वचित दिसतात. कर्ज कोणी नाकारले, इमारत पाडायची कोणी ठरवली, भाडे कोणी वाढवले, घर सोडण्याची नोटीस कोणाच्या सहीने निघाली, हे प्रश्न पडद्याबाहेर राहतात आणि प्रेक्षकाची अशी समजूत होते की या वस्त्या आपोआप बिघडल्या, आपोआप ओस पडल्या आणि मग एके दिवशी आपोआप चकचकीत झाल्या. वंश आणि वर्ग यांविषयी बोलू पाहणाऱ्या चित्रपटाची कसोटी माझ्या लेखी हीच आहे: घर हातातून गेले हे तो दाखवतोच, पण ते कोणाच्या निर्णयाने गेले हे दाखवतो का?

हा आग्रह का, हे समजायला थोडा इतिहास लागतो. १९३३ साली मंदीच्या काळात अमेरिकी सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन नावाची संस्था काढली. त्या दशकाच्या उत्तरार्धात तिने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले आणि कोणत्या भागात कर्ज देणे सुरक्षित, कोणत्या भागात धोक्याचे, हे चार रंगांत रंगवले. हिरवा सर्वांत चांगला, तांबडा सर्वांत वाईट. कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती असलेला भाग जवळपास हमखास तांबडा होई, मग तिथली घरे दगडी असोत की लाकडी, भाडेकरू वेळेवर भाडे देणारे असोत की नसोत. १९३४ साली आलेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशननेही गृहकर्जाला हमी देताना हीच दृष्टी ठेवली. घरांच्या व्यवहारात वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा १९६८ साली झाला, म्हणजे मधली तीसपेक्षा जास्त वर्षे गोऱ्या मध्यमवर्गाला सरकारी हमीवर उपनगरांत घरे मिळत राहिली आणि कृष्णवर्णीय कामगाराला पगार असूनही कर्ज मिळेना. घर दुरुस्त करायला पैसा नाही, विकायला गिऱ्हाईक नाही, अशी अवस्था आधी लादली गेली. ‘वस्ती बिघडली’ हा शेरा त्यानंतर आला. जुन्या, स्वस्त वस्तीत पैसेवाले शिरतात, भाडी चढतात आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक बाहेर फेकले जातात, या प्रक्रियेला आज तिकडे जेंट्रिफिकेशन म्हणतात. ती या जुन्या नकाशांच्याच पुढची पायरी आहे, कारण भाव मुद्दाम पाडून ठेवले नसते तर नंतर ते चढवून नफा काढायला जागाच उरली नसती.

हे सगळे चित्रपटात आणता येत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने १९६१ सालचा ‘अ रेझिन इन द सन’ पाहावा. लॉरेन हॅन्सबेरी यांच्या १९५९ सालच्या नाटकावरचा हा चित्रपट बहुतेक वेळ एकाच खोलीत घडतो. शिकागोच्या साउथ साइडमधले कोंदट भाड्याचे घर, वारलेल्या वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर, आणि त्यातून आईने गोऱ्यांच्या वस्तीत ठरवलेले घर एवढाच त्याचा ऐवज. त्या गोऱ्या वस्तीच्या वतीने एक गृहस्थ भेटायला येतो. तो शिवी देत नाही, आवाज चढवत नाही, त्याच्या हातात दगड नाही. तुम्ही तिथे राहायला येऊ नका, आम्ही तुमचे घर नफा देऊन परत विकत घेतो, असा प्रस्ताव तो अत्यंत अदबीने मांडतो. गोऱ्यांच्याच वस्तीत घर का घेतले, या प्रश्नाला आई जे उत्तर देते ते तर एका वाक्यातले अर्थशास्त्र आहे: कृष्णवर्णीयांसाठी दूरवर बांधलेली घरे दुप्पट महाग पडतात. हॅन्सबेरी यांनी हे घरातच अनुभवले होते. त्यांच्या वडिलांनी शिकागोत गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या भागात घर घेतल्यावरून उभा राहिलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १९४० साली लागला. वर्णभेदाचा चेहरा सभ्य असतो आणि त्याच्या हातात करारनामा असतो, ही गोष्ट इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे सांगितली गेली होती, हे पुढच्या चित्रपटांकडे पाहताना विसरू नये.

१९७० सालच्या ‘द लँडलॉर्ड’ने तर उलट्या बाजूने गोष्ट सांगितली. हॅल अ‍ॅशबी यांचा हा पहिलाच चित्रपट. मूळ कादंबरी क्रिस्टिन हंटर यांची आणि पटकथा बिल गन यांची, दोघेही कृष्णवर्णीय लेखक. एक श्रीमंत गोरा तरुण ब्रुकलिनच्या पार्क स्लोपमध्ये इमारत विकत घेतो ती सगळे कृष्णवर्णीय भाडेकरू हाकलून स्वतःसाठी एकच प्रशस्त घर करायच्या इराद्याने. भाडेकरूंशी त्याची ओळख होते, जिव्हाळा वाढतो, एका भाडेकरू स्त्रीला त्याच्यापासून दिवस जातात, तिच्या नवऱ्याचे मन कोलमडते. या तरुणाच्या मनात वाईट नाही आणि चित्रपट त्याला खलनायक करतही नाही. पण त्याच्या चांगुलपणाची किंमत दर वेळी दुसरेच कोणीतरी मोजते, हे चित्रपट एकदाही नजरेआड होऊ देत नाही. पार्क स्लोप आज न्यू यॉर्कमधल्या महागड्या भागांपैकी एक आहे आणि हा चित्रपट मात्र जाणकारांच्या यादीत अडकून पडला आहे, याची मला खंत वाटते.

या विषयावर सर्वांत जास्त बोलले गेले ते अर्थातच स्पाइक ली यांच्या १९८९ सालच्या ‘डू द राइट थिंग’वर. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंटमधली एक गल्ली, वर्षातला सर्वांत उकाड्याचा दिवस, आणि सॅल नावाच्या इटालियन-अमेरिकन माणसाचे पिझ्झाचे दुकान. चित्रीकरण खरोखरच तिथल्या स्टायव्हसंट अ‍ॅव्हेन्यूवर, एकाच गल्लीत झाले. त्यातला एक छोटा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. बास्केटबॉलच्या बॉस्टनच्या संघाचा शर्ट घातलेला एक गोरा माणूस सायकल घेऊन जाता जाता बगिंग आउट नावाच्या तरुणाच्या कोऱ्या करकरीत बुटावर चाक घासून जातो. बगिंग आउट चिडतो, मित्र गोळा होतात, सगळे त्या माणसाच्या मागे त्याच्या दाराच्या पायऱ्यांपर्यंत जातात. माझ्या गल्लीत, माझ्या बाजूच्या फुटपाथवर यायला तुला कोणी सांगितले, असे प्रश्न झडतात. तो माणूस शांतपणे एवढेच सांगतो की हे घर मी विकत घेतलेले आहे. मग घर घ्यायला तुला कोणी सांगितले, असे बगिंग आउट विचारतो. पण त्याच्या आवाजातला जोर तेवढाच राहिला तरी युक्तिवाद संपलेला असतो, हे पाहणाऱ्याला कळते. मॅसॅच्युसेट्सला परत जा असे मुले ओरडतात तेव्हा आपण ब्रुकलिनमध्येच जन्मलो, असे तो म्हणतो आणि आत जातो. चित्रपटात हा माणूस पुन्हा महत्त्वाचा होत नाही.

या प्रसंगात ली यांनी दोन गोष्टी एकत्र ठेवल्या होत्या, घासलेला बूट आणि खरेदीखत. पुढच्या तीस वर्षांत जेंट्रिफिकेशनवर जे चित्रपट आणि मालिका आल्या, त्यांतल्या पुष्कळांनी बूट उचलला आणि खरेदीखत तिथेच सोडून दिले. महागडी कॉफी, कुत्र्याला फिरवणारी जोडपी, संगीताचा आवाज कमी करा म्हणून सांगणारा नवा शेजारी, हे सगळे खरे आहे आणि त्याचा त्रासही खरा आहे. पण ही वागणुकीची तक्रार आहे, आणि वागणूक सुधारता येते. उद्या प्रत्येक नवा शेजारी नम्र झाला, जुन्यांना हसून नमस्कार करू लागला, तरी भाडे तितकेच वाढेल आणि घरे तितकीच रिकामी होतील. वर्गाचा प्रश्न शिष्टाचाराच्या प्रश्नात बदलून टाकणे हा या चित्रपटांचा सर्वांत मोठा दोष आहे असे मी मानतो.

ली यांनी तसे केले नाही. सॅलच्या दुकानाच्या भिंतीवर फक्त इटालियन-अमेरिकन नामवंतांचे फोटो आहेत. गिऱ्हाईक सगळे आमचे, मग भिंतीवर आमची माणसे का नाहीत, हा बगिंग आउटचा सवाल, आणि दुकान माझे, भिंत माझी, हे सॅलचे उत्तर. दुकान सॅलने स्वतःच्या हाताने उभारले आहे, वस्तीतली पोरे आपल्या हातचे खाऊन मोठी झाली याचा त्याला खरा अभिमान आहे, आणि संध्याकाळी दुकान बंद करून तो दुसरीकडे आपल्या घरी जातो. कष्टाचा हक्क आणि वस्तीचा हक्क असे दोन्ही खरे हक्क इथे समोरासमोर येतात. शेवटी पोलीस वस्तीतल्या रेडिओ रहीम या कृष्णवर्णीय तरुणाचा गळा आवळून जीव घेतात आणि जमाव दुकान पेटवतो. दुसऱ्या दिवशी रेडिओवर बातमी येते ती महापौरांनी चौकशी नेमल्याची, आणि शहरात कोणालाही मालमत्तेची नासधूस करू दिली जाणार नाही, या त्यांच्या निर्धाराची. मेलेल्या मुलाचे नाव त्या निर्धारात नाही. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अनेक गोऱ्या समीक्षकांना दंगलीची भीती वाटली आणि दुकान जळल्याचे दुःख झाले. चित्रपटात नोंदवलेलाच हा दृष्टिदोष त्यांनी प्रेक्षागृहाबाहेर सिद्ध करून दाखवला.

२०१४ साली ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये बोलताना ली यांनी विचारलेला प्रश्न मला त्यांच्या कोणत्याही संवादाइतकाच मोलाचा वाटतो. न्यू यॉर्कच्या हार्लेम, साउथ ब्राँक्स, बेड-स्टाय (बेडफर्ड-स्टायव्हसंट) इथल्या शाळा सुधारायला, पोलिसांची गस्त वाढायला, कचरा नियमित उचलला जायला गोरे लोक राहायला येण्याची वाट का पाहावी लागली? नगरपालिकेला हे काम आधीही येत होते. फक्त ज्यांच्यासाठी करायचे ते लोक तिच्या हिशेबात नव्हते.

‘डू द राइट थिंग’नंतर दोन वर्षांनी, १९९१ साली, जॉन सिंगलटन यांचा ‘बॉइझ एन द हूड’ आला. सिंगलटन तेव्हा विशीच्या सुरुवातीच्या वयाचे होते आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक ठरले. त्यातला फ्युरिअस हा बाप मुलाला आणि त्याच्या मित्राला लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये नेतो आणि घरे रोखीने विकत घेऊ असे सांगणाऱ्या एका मोठ्या जाहिरात फलकाखाली उभे करून जेंट्रिफिकेशन म्हणजे काय ते समजावतो: आधी एखाद्या भागाची किंमत पाडायची, मग जमीन स्वस्तात घ्यायची, मग लोकांना काढून भाव चढवायचे. भोवती जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणतो, किंमत पाडतात ती ही एकमेकांवर गोळ्या झाडणारी पोरेच. फ्युरिअस विचारतो, अमली पदार्थ ज्या विमानांतून आणि जहाजांतून येतात ती आपल्या मालकीची आहेत का? आपल्याच वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यावर दारूचे आणि बंदुकांचे दुकान का?

हे भाषण आहे, आणि चित्रपटात भाषण खटकते असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो. पण माझी अडचण वेगळी आहे. फ्युरिअसचा उपाय असा की वस्तीतले सगळे आपल्या मालकीचे असावे, आपल्या पैशाने चालावे. स्वतःचे घर असलेल्या बापाला हा उपाय सुचणे स्वाभाविक आहे. भाड्याने राहणाऱ्या, सरकारी मदतीवर मुले वाढवणाऱ्या आईला या उपायात जागा नाही, आणि त्याच चित्रपटात अशा आया समोर दिसत असूनही त्यांना बोलायला फारसे मिळत नाही. वंशाच्या प्रश्नाखाली वर्गाचा प्रश्न असा दबून जातो.

त्याहून मोठे नुकसान त्यानंतर झाले. हॉलिवूडने या चित्रपटातले भाषण सोडले आणि गोळीबार तेवढा उचलला. नव्वदच्या दशकात टोळ्या, बंदुका आणि तुरुंग यांचे जे चित्रपट एकामागून एक आले, त्यांत काही चांगलेही होते. पण एकत्र पाहता त्यांनी जगभरच्या प्रेक्षकाला असे शिकवले की कृष्णवर्णीय वस्ती म्हणजे मरणाची जागा. ज्याला वाचवण्यासारखे काही नाही असे लोकांना वाटते, ते पाडताना कोणी विरोध करत नाही. शिकागोतल्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी गृहसंकुलाचे उदाहरण घ्या. एके काळी तिथे सुमारे पंधरा हजार लोक राहत. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून उंच इमारती पाडायला सुरुवात झाली आणि शेवटची २०११ साली पडली. बातम्यांनी आणि चित्रपटांनी मिळून या नावाभोवती इतकी दहशत उभी केली होती की हजारो माणसांची घरे जात आहेत, यापेक्षा एक संकट टळते आहे, असाच सूर लागला.

गंमत नव्हे, खरोखर लक्षणीय गोष्ट अशी की याच कॅब्रिनी-ग्रीनचे सत्य एका भयपटाने सर्वांत नेमके सांगितले. १९९२ सालच्या ‘कँडीमॅन’मध्ये हेलन ही गोरी संशोधक आपल्या उच्चभ्रू इमारतीचा इतिहास शोधते तेव्हा तिला कळते की ती मुळात गरिबांसाठीच बांधलेली होती, अगदी कॅब्रिनी-ग्रीनच्याच आराखड्यावर. पण श्रीमंतांचा गोल्ड कोस्ट आणि ही इमारत यांच्यामध्ये महामार्ग नाही, रेल्वेचा पूल नाही, अडसर कोणताच नाही, हे शहराच्या लक्षात आले; म्हणून काँक्रीटच्या ठोकळ्यांवर गिलावा चढवून घरे विकून टाकली. हेलन आपल्या न्हाणीघरातले आरशाचे कपाट काढून दाखवते: मागे भिंत नाही, थेट शेजारच्या घरात उघडणारे भोक आहे, आणि तसेच भोक त्या ‘भयानक’ इमारतीतही आहे. एकाच साच्यातल्या दोन इमारती. एकीत राहणे प्रतिष्ठेचे, दुसरीत राहणे कलंकाचे, आणि मधला फरक शहराच्या एका निर्णयाचा. मला अभिप्रेत असलेली सही इथे दिसते. दुर्दैवाने पुढे चित्रपट कृष्णवर्णीय पुरुषाच्या भुताला भिणाऱ्या गोऱ्या स्त्रीच्या कथेत शिरतो आणि जे उघड केले तेच झाकून टाकतो. निया डकोस्टा यांच्या २०२१ सालच्या ‘कँडीमॅन’मध्ये त्या वस्तीच्या उंच इमारती नाहीशा झालेल्या आहेत आणि तिच्या जागेजवळच्या आलिशान घरात एक कृष्णवर्णीय चित्रकार आणि कलादालनात काम करणारी त्याची जोडीदार राहतात. पैसा आलेला कृष्णवर्णीय मध्यमवर्गही या उलथापालथीचा लाभार्थी असू शकतो, ही अवघड गोष्ट तो चित्रपट बोलून दाखवतो, आणि त्यासाठी तो मला धाडसी वाटतो.

हाच धागा २०१८ सालच्या ‘ब्लाइंडस्पॉटिंग’मध्ये वेगळ्या रीतीने येतो. ऑकलंडमधले दोन जिवलग मित्र, एक कृष्णवर्णीय कॉलिन आणि एक गोरा माइल्स, सामान हलवणाऱ्या कंपनीत कामाला आहेत. लोकांची घरे रिकामी होतात ती त्यांच्याच हातांनी. माइल्स याच वस्तीत वाढलेला, बोलण्या-चालण्यात पूर्ण तिथला; नव्याने आलेल्या गोऱ्यांत आपली गणना व्हावी याचा त्याला संताप येतो. पण पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबते तेव्हा भीती एकट्या कॉलिनला वाटते. वर्ग एकच असला तरी वंशामुळे जगणे कसे दुभंगते, हे या दोघांच्या मैत्रीतून जितके कळते तितके एखाद्या जाडजूड अहवालातूनही कळणार नाही.

ऑकलंड हे नाव मराठी वाचकाला परके वाटू नये. १९६६ साली याच शहरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर हे नाव तिथूनच घेतले. ब्लॅक पँथरच्या दहा कलमांतले चौथे कलम माणसाला राहण्यालायक घर मागते. दलित पँथरच्या मुंबईतल्या संघर्षाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या वरळीच्या बीडीडी चाळींचा आज पुनर्विकास चालू आहे. गिरणगावावरच्या आपल्या चित्रपटांबद्दलही माझे म्हणणे हेच आहे. संप आणि गुंडगिरी यांचे चित्रण त्यांत भरपूर सापडते. पण गिरण्यांच्या जमिनीचा एक-एक तृतीयांश वाटा महापालिका आणि म्हाडाला देणारा १९९१ सालचा नियम २००१ साली बदलला आणि तो वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता उरला, या एका बदलाने गिरणगावाचे काय झाले, हे दाखवणारा प्रसंग मला तरी आठवत नाही.

आता मी अशा चित्रपटाकडे येतो ज्यावर टीका करणे मला जड जाते, कारण तो फार सुंदर आहे. जो टॅल्बट यांच्या २०१९ सालच्या ‘द लास्ट ब्लॅक मॅन इन सॅन फ्रान्सिस्को’मध्ये जिमी फेल्स आजोबांचे घर जपायला जातो. घर आता दुसऱ्याचे आहे. तरी हा गुपचूप येऊन खिडक्यांच्या चौकटींना रंग देतो, मालकीणबाई हाकलतात, हा पुन्हा येतो. आपल्या आजोबांनी १९४६ साली हे घर स्वतःच्या हाताने बांधले, ही त्याची श्रद्धा. फिलमोर भागाचा इतिहास चित्रपटाला ठाऊक आहे: १९४२ साली जपानी-अमेरिकी लोकांना छावण्यांत डांबल्यावर रिकाम्या झालेल्या घरांत दक्षिणेतून गोद्यांत कामाला आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे राहायला गेली. पुढे शहर नूतनीकरणाच्या नावाखाली याच भागातून हजारो कुटुंबांना उठवण्यात आले; हे नूतनीकरण म्हणजे निग्रोंना हटवणे आहे, असे जेम्स बाल्डविन यांनी १९६३ सालीच सांगून ठेवले होते. सॅन फ्रान्सिस्कोत १९७० साली सुमारे तेरा टक्के असलेले कृष्णवर्णीय आज पाच टक्क्यांच्या आसपास उरले आहेत.

चित्रपटाच्या अखेरीस मित्र जिमीला भर सभेत सांगतो की घर आजोबांनी बांधलेले नाही. कागदपत्रांप्रमाणे ते एकोणिसाव्या शतकातले आहे. जिमीची श्रद्धा मोडते आणि तो शहर सोडतो. इथे माझा आक्षेप आहे. आजोबांनी घर बांधले असते तरच त्याचा त्यावर हक्क होता का? कागद निघाला तो जिमीला खोटे पाडणारा; ज्या कागदांनी फिलमोर रिकामे केले ते मात्र दोन-चार संवादांत येऊन जातात. शिवाय लाखो डॉलरच्या त्या नक्षीदार घराभोवती सगळी माया गोळा झाल्यामुळे, ज्यांच्या आजोबांकडे कधीच घर नव्हते, जे तीन पिढ्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले, त्यांचे विस्थापन विरहगीताच्या लायकीचे नाही असे नकळत सुचवले जाते. विरहाला शत्रू लागत नाही, हीच विरहाची सोय आहे.

भाडेकरूची ही गोष्ट २०२३ साली ए. व्ही. रॉकवेल यांनी ‘अ थाउजंड अँड वन’मध्ये सांगितली आणि सनडान्स महोत्सवात तिला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९९४ साली तुरुंगातून सुटलेली आयनेझ सरकारी देखभालीखालच्या लहान टेरीला परवानगीशिवाय घेऊन त्याची आई म्हणून हार्लेममध्ये संसार मांडते. वर्षे जातात, महापौर बदलतात, त्यांच्या घोषणा रस्त्यावरच्या दृश्यांवर ऐकू येतात, आणि टेरी वाढतो तसतसे पोलीस त्याला विनाकारण अडवून झडती घेऊ लागतात. मग इमारतीला नवा मालक येतो. तो धमकावत नाही. दुरुस्ती करून देतो म्हणतो, आणि दुरुस्तीच्या नावाखाली घर राहण्यालायक ठेवत नाही. न्यू यॉर्कच्या भाडे नियंत्रणाची तेव्हाची रचना ठाऊक असेल तर हा प्रसंग अंगावर येतो. नव्वदच्या दशकात नियम असे बदलले होते की भाडेकरू निघून गेला की मालकाला भाडे एकदम वाढवता येई, सुधारणांचा खर्च भाड्यात चढवता येई, आणि कायदेशीर भाडे दोन हजार डॉलरवर गेलेले रिकामे घर नियंत्रणातूनच सुटे. राहता भाडेकरू निघून जाण्यातच मालकाचा मोठा फायदा होता. ही तरतूद रद्द व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. रॉकवेल यातले एकही कलम वाचून दाखवत नाहीत. त्या फक्त मोडलेल्या घरात उभी असलेली आई दाखवतात, आणि ती ज्या शांत माणसामुळे तिथे उभी आहे तोही दाखवतात.

चित्रपट म्हणजे अर्थशास्त्राचा वर्ग नव्हे, असा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. तो मला मान्य नाही, कारण तो चित्रपटाची ताकद कमी लेखतो. चार्ल्स बर्नेट यांच्या १९७८ सालच्या ‘किलर ऑफ शीप’मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात राहणारा, कत्तलखान्यात राबणारा स्टॅन मित्राबरोबर गाडीचे जुने इंजिन विकत घेतो. दोघे ते अवजड धूड जिन्यावरून उतरवतात, मालवाहू गाडीच्या मागच्या कडेवर टेकवतात, आणि आता नीट आत ढकलायचे त्राण उरलेले नसल्याने तसेच ठेवतात. गाडी सुरू होताच इंजिन रस्त्यावर आदळते आणि फुटते. पैसा गेला, श्रम गेले. कोणी काही म्हणत नाही. याच स्टॅनला कोणी गरीब म्हटले तर तो रागावतो: गरीब माणूस कधी सॅल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला वस्तू दान करतो का? कामगाराचा स्वाभिमान, त्याची ओढाताण आणि त्याला पुढे सरकू न देणारी परिस्थिती यांच्यावर याहून चांगला पाठ कोणता द्यायचा? विद्यापीठातल्या पदवीसाठी अगदी तुटपुंज्या पैशांत बनवलेला हा चित्रपट गाण्यांचे हक्क न मिळाल्याने २००७ सालापर्यंत रीतसर प्रदर्शित होऊ शकला नाही. त्या तीस वर्षांत गोळीबाराच्या चित्रपटांना मात्र पडदे मिळत राहिले. कोणत्या वस्तीची कोणती गोष्ट लोकांपर्यंत पोहोचावी, याचाही निर्णय कोणीतरी घेत असतो.

मेरावी गेरिमा यांचा २०२० सालचा ‘रेसिड्यू’ या वादात मला सर्वांत अडचणीत टाकतो. वॉशिंग्टन डी. सी. हे एके काळी सत्तर टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय लोकसंख्येचे शहर. २०११ सालापासून तिथे ते निम्म्याहूनही कमी आहेत. जे नावाचा तरुण चित्रपट लिहायला आपल्या जुन्या गल्लीत परततो तेव्हा मित्र तुरुंगात आहेत, एकाचा ठावठिकाणा कोणी सांगत नाही, आणि जे राहिले आहेत ते त्याच्याकडेही परक्यासारखेच पाहतात. नव्या गोऱ्या रहिवाशांना गेरिमा चौकटीच्या कडेला ठेवतात. त्यांचे आवाज ऐकू येतात, चेहरे धड दिसत नाहीत. ज्यांनी वस्ती व्यापली त्यांना निदान पडदा तरी व्यापू द्यायचा नाही, हा निर्णय मला पूर्ण समजतो आणि त्यामागचा राग मला रास्त वाटतो. तरीही माझे मत असे की चेहरे काढून टाकल्याने सर्वांत मोठा फायदा त्या माणसाचा होतो ज्याला चेहरा नकोच असतो: घरे एकगठ्ठा विकत घेणाऱ्या कंपनीचा, परवानगीवर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याचा, कर्ज कोणाला मिळेल ते ठरवणाऱ्या बँकेचा. शेजारच्या घरात राहायला आलेले जोडपे पडद्याबाहेर ठेवायला माझी हरकत नाही. त्यांना ते घर विकणाऱ्याला मात्र मध्यभागी आणून बसवले पाहिजे, त्याचे टेबल, त्याचे कागद आणि त्याचा हिशेब यांसकट.